जित्या माणसाला आवतण

पत्र आलं तेव्हा सिरसाळ्याच्या शिवारात तुरी नुकत्याच वर आल्या होत्या. आता त्याच तुरीच्या शेंगा भरल्या, दारात मांडव पडला, नवरी स्वतः येऊन घरात राहू लागली, तरी गुरुपादअप्पांनी त्या पत्राला उत्तर दिलेलं नव्हतं.

उत्तर द्यायचं नाही, असं त्यांनी कधीच ठरवलं नव्हतं. उलट ते रोज बसायचे. ‘आदरणीय बाई’ असं लिहायचे, मग ‘आदरणीय’ फार ताठ वाटायचं म्हणून खोडायचे. नुसतं ‘बाई’ उरायचं, ते उद्धट वाटायचं. बीडच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून त्यांची हयात गेली होती. दुसऱ्यांची वाक्यं त्यांनी जपून ठेवली होती; स्वतःचं एखादं वाक्य कागदावर उतरलं की लगेच त्यांना त्यात खोट दिसे.

पत्र आलं होतं ते उत्तर मॅसिडोनिया या देशातल्या बितोला गावाहून. अप्पांच्या पुतण्याचा मुलगा केदारनाथ जर्मनीत नोकरीला होता. तिथं सोबत काम करणाऱ्या नेवेनाशी त्याचं लग्न ठरलं. नेवेनाला लहानाचं मोठं केलं ते तिच्या पणजीनं, त्रायंकाबाईनं. वय अठ्ठ्याण्णव. म्हातारीनं तिच्या भाषेत सांगितलेलं पत्र नेवेनाच्या आईनं इंग्रजीत उतरवलं होतं आणि पाकिटावर लिहिलं होतं, ‘घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला’. पोस्टातल्या बजरंगनं ते सरळ अप्पांच्या हातात दिलं. गावात इंग्रजी पाकीट आलं की ते अप्पांचं, असा त्याचा ठाम समज होता.

पत्रात प्रश्न एकच होता. माझ्या पोरीच्या मागावर कुणी आलं, तर तुम्ही दार उघडाल का? पुढं एवढंच, की लग्नाला माझी आडकाठी नाही, पण याचं उत्तर येईपर्यंत मी तुम्हाला आपली माणसं म्हणणार नाही.

अप्पांना ठाऊक होतं की ‘हो’ लिहिणं सोपं आहे. त्यांना खात्री नव्हती ती स्वतःची.

*

परसात कावेरी पुरण वाटत होती. ती महांतेशची बायको, नवऱ्या मुलाची आई. संध्याकाळी गोंधळ होता. मेनकुदळ्यांच्या घरात लग्नाच्या आधी गोंधळ घालायची रीत होती. देवांना आणि गेलेल्या वडीलधाऱ्यांना हाळी दिल्याशिवाय हळद लागत नसे.

नेवेना शेजारी पाटावर बसून वेलदोडे सोलत होती. तिनं तोंडात एक टाकला की कावेरी खोटं खोटं डोळे वटारायची. दोघींची भाषा एवढ्यावर छान चालली होती. मग नेवेनाच्या आईचा फोन आला. नेवेना बराच वेळ ऐकत राहिली, आणि फोन ठेवल्यावर वेलदोडे तसेच टाकून उठली.

“काय झालं गं?” कावेरीनं विचारलं.

केदारनाथ मागून आला होता. त्यानं विचारून घेतलं, आणि त्याचाही चेहरा उतरला. “तिच्या पणजीनं घरी पत्र पाठवलं होतं म्हणे. केव्हाच. म्हातारी रोज विचारते, उत्तर आलं का.”

“पत्र? आपल्या घरी?” महांतेश गोंधळासाठी नेसलेलं धोतर सावरत आतून बाहेर आला. आडतीच्या दुकानात दिवसभर बोलून बोलून त्याचा आवाज मोठाच झाला होता. “लांबचं टपाल. वाटंत गहाळ झालं असंल. त्यात रडायचं काय? लावा म्हातारीला व्हिडिओ कॉल, मी बोलतो.”

“काय बोलनार तुमी?” कावेरी म्हणाली.

“वेलकम वेलकम म्हनायचं! अजून काय लागतंय?”

“पप्पा, ती फोनवर बोलत नाही,” केदारनाथ म्हणाला. “फोनवर ‘हो’ म्हणायला माणसाचं काही जात नाही, म्हणते. लढाईत निरोप्याचं काम केलंय तिनं. हातात कागद पाहिजे तिला.”

“मंग पत्र कुठं गेलं?”

“पोचलंय. आईकडं पोचल्याची पावती आहे,” नेवेना इंग्रजीत म्हणाली. एवढं कावेरीलाही कळलं.

पायरीवर अप्पा चहा पीत बसले होते. त्यांची बशी वाजायला लागली. कावेरीनं त्या बशीकडे पाहिलं, मग अप्पांकडे, आणि तिला सगळं उमगलं. या घरात आली तेव्हापासून तिला माहीत होतं, की या माणसाला दिवाळीचं शुभेच्छापत्र लिहायलासुद्धा संक्रांत उजाडते.

“सापडंल, सापडंल,” ती घाईनं म्हणाली. “लग्नघरात वस्तू कुठं कुठं पडतात. आधी गोंधळ होऊ द्या. शहादेव मामा गोंधळी आलेत बी.”

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. आपल्याला वाचवलं म्हणून आभार मानावेत की लाज वाटून घ्यावी, त्यांना कळेना. नेवेना मात्र त्यांच्याकडेच बघत होती. रागानं नव्हे, ते जास्त अवघड होतं.

*

दिवेलागणीला मांडवात चौक भरला. ज्वारीच्या राशीवर कलश, भोवती पाच ऊस, समोर पेटलेली दिवटी. गंगासागरबाई अगदी पुढं बसल्या होत्या. त्या अप्पांच्या थोरल्या वहिनी, महांतेशच्या आई. गुडघे दुखत होते, पण एकही देव हाळीतून सुटता कामा नये यावर त्यांचं लक्ष होतं. मागं एकदा मोठ्या नातीच्या लग्नात खंडोबा राहून गेला आणि ऐन वरातीत पंगतीचा मांडव उडाला, असं त्यांचं म्हणणं होतं. वारं सुटलं होतं, असं महांतेशचं.

शहादेव गोंधळ्यानं पायातली घुंगरं वाजवली. त्याच्या साथीदारानं संबळावर थाप टाकली. तुळजापूरची भवानी आली, अंबाजोगाईची योगेश्वरी आली, परळीचा वैजनाथ आला. मग नवऱ्याकडचे गेलेले वडीलधारे, एकेक नावानिशी. गंगासागरबाई मान डोलवत होत्या.

“आता नवरीकडचं कुळदैवत बोला,” शहादेव म्हणाला.

केदारनाथनं नेवेनाला विचारलं. तिनं खांदे उडवले.

“त्यांच्याकडं तसं काही नाही. तिची पणजी देवच मानत नाही. कम्युनिस्ट आहे.”

“लाल बावट्यावाली,” महांतेशनं माहिती पुरवली.

“बरं. देव न्हाई.” शहादेव जरा वेळ विचारात पडला. एवढ्या वर्षांत असं घराणं त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. “पर डोंगर तर असंल की? डोंगर हाय तिथं आई असतीच.”

“पेलिस्तर,” नेवेना म्हणाली. तिला ‘डोंगर’ कळत होतं.

“आन हत्यार धरलेलं हाय का कुनी तुमच्या घरात?”

“पणजीच!” केदारनाथला स्फुरण चढलं. “दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या बाजूची बल्गेरियाची फौज गावावर येऊन बसली होती. ही सतराची पोरगी, बंदूक घेऊन त्या डोंगरात गेली.”

“मंग अजून काय पायजे! अर्धी भवानीच की!” शहादेव म्हणाला, आणि त्यानं दिवटी उंच केली.

“पेलिस्तरच्या डोंगरची त्रायंका आई, गोंधळाला ये!”

संबळ घुमला. बायकांनी हात जोडले. एकीनं चौकाकडं हळदकुंकू टाकलं. नेवेनाला डोंगराचं नाव कळलं, पणजीचं नाव कळलं, आणि जोडलेले हात दिसले. ती आधी थक्क झाली, मग तोंडावर हात दाबून इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

“काय म्हनती?” गंगासागरबाईंनी विचारलं.

“म्हणते, पणजीला कळलं की तिला देवी केलंय, तर ती पुन्हा बंदूक काढील.”

मांडवभर हशा झाला. शहादेवसुद्धा हसला. उपरण्यानं घाम पुसत त्यानं आदरानं विचारलं, “लई मोठी बाई. कंदी वारल्या?”

“वारल्या कुठं? आहे की,” केदारनाथ म्हणाला. “अठ्ठ्याण्णव वर्षांची आहे.”

संबळ थांबला.

“जित्ती हाय?” शहादेवनं दिवटी खाली केली. “आरं, जित्या माणसाला मी गेलेल्यांच्या वळीत हाळी दिली? कावून सांगितलं न्हाई बे पोरा आधी?”

“तुम्ही विचारलं कुठं?”

“युद्धात बंदूक धरलेली पणजी म्हनल्यावर जित्ती असंल असं कुनाच्या मनात येतंय!”

बायकांत कुजबुज सुरू झाली. गंगासागरबाईंनी हातानंच ती गप्प केली. “आता याला उपाय काय, शहादेव? त्ये बोला.”

“उपाय सोपा हाय, बाई. देवाला आन पितरांना हाळी पोचती. जित्या माणसाला आवतण पोचवावं लागतं, घरच्या वडीलमाणसाच्या हातचं. आवतण गेलं की हाळीचा दोष ऱ्हात न्हाई. त्यांना गेलंय ना आवतण?”

“मोबाइलवर कार्ड टाकलंय,” महांतेश म्हणाला.

“त्येला कोन आवतण म्हनतंय?”

तेवढ्यात नेवेना उभी राहिली. चार महिने मोबाइलवर मराठीचे धडे गिरवून जेवढे शब्द जमले होते तेवढे तिनं एकेक करून मांडले. “आजी. पणजी पत्र दिलं. इथे आलं. उत्तर नाही.” आणि मग तिनं अप्पांकडे बघितलं. नाव घेतलं नाही.

कावेरी काहीतरी बोलायला गेली, पण अप्पाच उठले. आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. पाकीट घेऊन ते परत आले तेव्हा त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता.

“पत्र माझ्याकडं आहे,” ते म्हणाले. “मला लिहिता आलं नाही.”

“न लिहिता येनारं आपल्या घरात मी एकटीच हाय, असं मला वाटत होतं,” गंगासागरबाई म्हणाल्या. “वाचा आता. मोठ्यानं. मराठीत सांगा.”

अप्पांनी पत्र वाचायला घेतलं. सुरुवातीला शब्दाशब्दाला अडखळले. मग दुसऱ्याचं वाक्य हाती आल्यावर नेहमी व्हायचा तसा त्यांचा आवाज स्थिर झाला.

‘मी त्रायंका. मी शिंप्याच्या दुकानात काम करायचे. दिवसा आम्ही फौजेच्या शिपायांचे सदरे शिवायचो आणि उरलेल्या कापडातून डोंगरातल्या आपल्या माणसांच्या टोप्या. पहिला निरोप मी कोटाच्या अस्तरात शिवून नेला. तो कोट शिपायानंच मला अंगावर चढवून दिला, थंडी आहे म्हणून. मग माझ्यावर संशय आला आणि मी डोंगरात गेले. आमच्या तुकडीत मुलांना भाकरी भाजता येत नव्हती, ती मी शिकवली. मला नेम धरता येत नव्हता, तो त्यांनी शिकवला. तिथं कुणी मालक नव्हतं, कुणी बाईमाणूस म्हणून मागं बसत नव्हतं. भूक होती, उवा होत्या, आणि तरी इतकं हसणं मी पुढं कधी हसले नाही.

एका हिवाळ्यात पायात गोळी लागली. मी रात्री एका गावात उतरले आणि एका घराचं दार वाजवलं. आतून माणूस कडीपर्यंत आला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तो विचार करत होता. त्यानं दार उघडलं नाही. मी सरपटत पुढच्या घरी गेले. मी दार वाजवायच्या आधीच तिथल्या बाईनं ते उघडलं आणि मला शिव्या दिल्या, की इतका उशीर का केलास, कढण गार झालं. ती मला ओळखत नव्हती.

पहिला माणूस वाईट नव्हता. त्याला मी दोष देत नाही. पण माझी पोर तुमच्या घरी येते आहे, म्हणून विचारते. तिच्या मागावर कुणी आलं, तर तुम्ही दार उघडाल का?

आम्ही बितोलात परत शिरलो त्या दिवशी चौकात बंदुका खांद्याला लावून नाचलो. माझ्या पायांचे तळवे फाटले. तुमच्याकडे लग्नात नाचतात का, तेही कळवा.’

मग महांतेश पुढं सरसावला. “यात काय अवघड हाय? लिवा की, आमी मेनकुदळे हावोत, जीव गेला तरी...”

“तू गप,” गंगासागरबाई म्हणाल्या. “भावजी, पाकिटावर नाव कुनाचं हाय?”

“नाव नाही. ‘घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला’ असं आहे.”

“मंग घरात मोठं कोन हाय?”

अप्पांनी चष्मा वर सारून पाकीट पुन्हा वाचलं.

“मी ह्या घरात लग्न होऊन आले तवा तुमी चड्डी सावरत माझ्या मागं लाडू मागत फिरत व्हता. माझं पत्र तुमच्या कपाटात कावून पडलंय?”

आधी कावेरी हसली, मग शहादेव, मग सगळा मांडव. केदारनाथ नेवेनाच्या कानाला लागला, तशी तीही. बजरंगनं पाकीट हातात ठेवल्यापासून अप्पांच्या मनात हे एकदाही आलं नव्हतं. इंग्रजी म्हणजे आपलं, हे तेही धरूनच चालले होते. कान तापले, पण छातीवरचं ओझं कुणीतरी खाली उतरवून ठेवल्यासारखं झालं.

“बसा हितं. कागद घ्या,” गंगासागरबाईंनी फर्मावलं. “लिवा. ‘बाई, तुमाला रामराम. उत्तराला उशीर झाला, कारण तुमचं पत्र चुकीच्या मानसाला गेलतं.’ लिवलं?”

“लिहिलं,” अप्पा म्हणाले. ते ऐकता ऐकता इंग्रजीत उतरवत होते.

“‘दार उघडीन’ असं लिवू नका. त्ये काय आधी ठरवून होतंय? तुमच्या त्या कढणवाल्या बाईनं ठरवलं व्हतं का?”

“आत्याबाई, गोदामाचं लिवा की,” कावेरी सासूला म्हणाली.

महांतेश खाकरला. “त्ये कशाला आता?”

पण कावेरीनं केदारनाथला सांगायला सुरुवात केली होती, आणि तो नेवेनाला. कोरोनाच्या साली ऊसतोडीला गेलेली एक टोळी पायी परत आली होती. बायका, तान्ही पोरं. रोग येईल म्हणून गावानं वाटेवर बाभळीचे काटे टाकले होते. महांतेशनं भिऊन दुकानामागच्या गोदामाला कुलूप लावून किल्ली खिशात घातली. आणि पहाटे बघतात तर गोदाम उघडं, आत टोळी झोपलेली, आणि गंगासागरबाई चुलीपाशी.

“किल्ली कशी काढली त्ये मला आजवर कळलं न्हाई,” महांतेश म्हणाला.

“तुमची पँट धुवायला कोन घेतं?” कावेरीनं विचारलं.

“म्हंजी तू?” महांतेशनं बायकोकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि दोघींना हसताना बघून त्याचंही हसू सुटलं. “घरातच फितुरी! लिवा काका, सगळं लिवा. माझं नावबी घाला. पर सकाळी त्या लोकांना पिठलं-भाकरी मीच वाढली, त्येबी लिवा!”

“लिवा त्येबी,” गंगासागरबाई म्हणाल्या. “खरं हाय त्ये.”

अप्पांनी लिहिलं. मग लेखणी थांबली. “वहिनी, माझं काय लिहू?” त्यांनी हळूच विचारलं. “मी त्या वेळी पडद्यामागं पुस्तक घेऊन उभा होतो. मी तो पहिल्या दारातला माणूस आहे. श्वास ऐकू येणारा.”

गंगासागरबाईंनी त्यांच्याकडं असं बघितलं, जसं त्या खारट भाजीकडं बघायच्या.

“गावातली पोरं काठ्या घेऊन दारात आली तवा पडद्यातनं तोंड काढून कोन बोललं? ‘इथं कुणी आलेलं नाही, मी वाचत बसलोय’ म्हनून?”

“ते... ते तोंडातून निघून गेलं. पाय लटपटत होते माझे.”

“लटपटू द्या. मी बोलले असते तर त्यांनी गोदाम उघडून पाह्यलं असतं. महांतेश बोलला असता तर त्याच्यासंगं हुज्जत घातली असती. तुमी जन्मात खोटं बोलला न्हाईत, म्हनून त्यांनी मानलं आन गेली. तुमाला एवढं लक्षात न्हाई?”

अप्पांच्या लक्षात होतं ते फक्त इतकं, की आपण खोटं बोललो आणि घाबरलो. या दोन गोष्टी त्यांनी इतकी वर्षं स्वतःच्या नावे मांडून ठेवल्या होत्या. त्यांना कुणी तिसरी सांगितली नव्हती.

ते पुन्हा कागदावर वाकले. मग त्यांनी एका दमात तीन ओळी लिहिल्या आणि एकही खोडली नाही.

“आन नाचाचं?” शहादेवनं आठवण केली. “म्हातारीनं विचारलंय, नाचतात का.”

नेवेनानं कावेरीचा हात धरला, कावेरीनं केदारनाथचा. बितोलाच्या चौकात जसा धरतात तसा हातात हात गुंफून नेवेनानं वर्तुळ धरलं, चौकाभोवती, कलश मधे ठेवून. पावलं कुणालाच येत नव्हती. शहादेवच्या साथीदारानं आधी ताल पकडला, मग सोडला, आणि मग त्याला ठेका सापडला. “आई, तुझे गुडघे!” असं महांतेश ओरडेपर्यंत गंगासागरबाईंनी अर्धा वेढा घातला होता. खाली बसल्या तेव्हा धाप लागली होती. “लिवा,” त्या म्हणाल्या, “नाचतो म्हनावं.”

*

सकाळी अप्पा आणि नेवेना पोस्टात गेले. बजरंगनं पाकीट तराजूवर ठेवलं, तिकिटं लावली.

“अप्पा, एवढं जाड? काय लिवलंय?”

“माझं नाही. वहिनींचं आहे. मी नुसतं लिहून घेतलं.” मग त्यांनी सुधारलं, “शेवटच्या तीन ओळी माझ्या.”

बजरंगनं शिक्का उचलला, तशी अप्पांची बोटं पाकिटावर गेली. इंग्रजीत एक क्रियापद चुकलं असावं. बहुधा दुसऱ्याच ओळीत. घरी नेऊन एकदा बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“अप्पा, हात काढा, शिक्का बसंल.”

नेवेनाच्या पायांवर रात्रीच्या हळदकुंकवाचे आणि धुळीचे डाग होते. ती टाचा जरा उचलून, काउंटरच्या कडेला बोटांनी ताल धरून उभी होती.

अप्पांनी हात काढला.

शिक्का बसला. बजरंगनं पाकीट मागच्या पिशवीत टाकलं आणि पिशवीचं तोंड सुतळीनं आवळलं. बाहेर टपालाची गाडी चालू होतीच.